गाडी थांबते कुठे?

या कार्यक्रमात आपण एरवी कर्ज, हप्ते, शेळ्या, शिलाई यांविषयी बोलतो. आज विजेवरच्या गाडीविषयी बोलायचं आहे. खरं तर गाडीपेक्षाही, तिला चार्ज करायची जागा कुठे असावी याविषयी. हा विषय इंजिनिअर लोकांचा आहे असं आम्हालाही वाटायचं. पण गेल्या पावसाळ्याच्या आधी या विषयापायी आमच्या प्रभागसंघाच्या डोक्यावर मोठं कर्ज येता येता राहिलं. तेव्हापासून आम्ही वही-पेन घेऊन याच्या मागे लागलो. जे कळलं ते सांगतो.

झालं असं, की प्रभागसंघाच्या मासिक बैठकीला एका कंपनीचा प्रतिनिधी आला. गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रं घेऊन. म्हणाला, ताई, तुमच्या दारातून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. रोज हजारो गाड्या जातात. येणारा काळ विजेच्या गाड्यांचा आहे. महामार्गाला लागून फास्ट चार्जर बसवा, बसल्या जागी पैसे येतील. खर्चाचा आकडा लाखांत होता. त्यातला मोठा भाग आम्ही कर्ज काढून घालायचा होता. मशीन त्यांचं, जागा आमची, हप्ता आमचा. त्याने सांगितलेला हिशेब असा होता, की इतक्या गाड्या जातात, त्यातल्या शंभरातली एक जरी थांबली तरी एवढे पैसे. कागदावर ते इतकं सोपं दिसत होतं, की आमच्यातल्या दोघीतिघी ठराव लिहायला बसल्या होत्या. त्यात आम्हीही होतो, खोटं कशाला सांगा.

मागच्या रांगेत फाट्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या काकू बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, माझ्या टपरीपुढनं बी दिवसभर गाड्या जात्यात. सगळ्या थांबल्या असत्या तर म्या आतापतोर माडी बांधली असती."

सगळ्या हसल्या. ठराव मात्र तिथेच थांबला.

काकूंनी जे विचारलं, तेच या विषयाचं मूळ आहे. चार्जिंगची जागा ठरवताना किती गाड्या जातात हे मोजून पुरत नाही. कुठल्या गाड्या, कुठे आणि किती वेळ उभ्या राहतात, हे बघावं लागतं. पेट्रोल पंपाचं तसं नसतं. पंपावर दोन मिनिटांत टाकी भरते, म्हणून पंप जाण्यायेण्याच्या वाटेवर असला की झालं. वीज भरायला वेळ लागतो. मग तो वेळ जिथे आपसूक मिळतो, तीच जागा बरोबर. आपली गाडी दिवसात फार तर दीड-दोन तास धावते. उरलेले बावीस तास ती कुठेतरी उभीच असते.

आता हिशेब बघू. घाबरू नका, मीटर वाचता येतं तिला हा हिशेब येतो.

विजेच्या स्कूटरची बॅटरी साधारण ३ युनिटची असते. काही गाड्यांची २, काहींची ४. आपल्या रस्त्यांवर, चढ-उतार, मागे बसलेली सासू आणि पुढे ठेवलेली पिशवी धरून, मीटरवरच्या एका युनिटमध्ये गाडी तीसेक किलोमीटर जाते असं समजा. कागलच्या बाजूच्या एखाद्या गावातून कोल्हापूरला नोकरीला जाणारी बाई जाऊन-येऊन ४५ किलोमीटर करत असेल. म्हणजे दीड युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी १५ रुपये. तेच पेट्रोलच्या गाडीला लिटरभर पेट्रोल लागतं, म्हणजे शंभराच्या वर. हा फरक सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर गाड्या घेतल्या जातायत. बॅटरी म्हातारी झाली की तिचा खर्च मोठा असतो, तेही गाडी घेताना विचारून घ्यावं. तो आजचा विषय नाही.

आजचा विषय पुढचा आहे. स्कूटरबरोबर जो चार्जर मिळतो तो पाऊणएक किलोवॉटचा असतो. म्हणजे तासाला पाऊण युनिट. दीड युनिट भरायला दोन तास. आणि ही बाई कामावर किती वेळ असते? आठ तास. रात्री घरी किती वेळ असते? दहा-बारा तास. म्हणजे रोज कामावर जाणाऱ्या बाईला फास्ट चार्जर लागतच नाही. तिला लागतो एक साधा पंधराचा पॉइंट, चांगल्या अर्थिंगचा, गाडी जिथे उभी असते तिथे. फास्ट चार्जर लागतो लांबच्या प्रवाशाला. पुण्याहून बेळगावला किंवा गोव्याला निघालेल्या कुटुंबाला मध्ये अर्ध्या-पाऊण तासात गाडी भरून पुढे जायचं असतं. तो थांबणार कुठे? जिथे जेवण, स्वच्छ संडास आणि पोरांना उतरायला जागा असेल तिथे. आमच्या फाट्यावर यातलं काही नाही. काकूंचा चहा चांगला आहे, पण तेवढ्यासाठी कोणी पाऊण तास बसत नाही.

सरकारी नियमांतही या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात शहरात ३ किलोमीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनात एक चार्जिंग केंद्र आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक, असं ठरवलं होतं. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणातही महामार्गांवर दर २५ किलोमीटरला केंद्र असं म्हटलं आहे. हे चूक नाही. वाटेत बॅटरी संपून गाडी बंद पडेल या भीतीपोटी लोक गाडी घेत नाहीत, ती भीती घालवायला असं ठरावीक अंतरावरचं जाळं लागतंच. पण ते जाळं नकाशावर पट्टीने मोजून काढलेलं असतं. रोज कामावर जाणारं माणूस पट्टीने चालत नाही. ते गावातून फाट्यावर, फाट्यावरून कारखान्यावर आणि परत येताना बाजारातून जातं.

त्या रंगीत कागदावर आणखी एक गोष्ट लिहिलेली नव्हती. ती आम्हाला गावातल्या वायरमनने सांगितली. जे मशीन आम्हाला विकायला आणलं होतं ते मोटारगाड्यांचं. त्याची पिन मोटारीला बसते, स्कूटरला बसत नाही. म्हणजे आमच्या गटातल्या एकाही बाईची गाडी त्यावर चार्ज झाली नसती! हप्ता आम्ही भरायचा आणि आमच्याच गाड्या घरी मुलाच्या अभ्यासाच्या टेबलापाशी वायर ओढून लावायच्या.

वायरमनदादांनी दुसरीही गोष्ट समजावली. शेतातली ५ एचपीची मोटर सगळ्यांनी बघितली आहे. ती चालते तेव्हा पावणेचार किलोवॉटच्या आसपास वीज ओढते. पाच स्कूटर एका वेळी चार्जिंगला लावल्या तर होतो तो भार एका मोटरीएवढा. आणि ६० किलोवॉटचा एक फास्ट चार्जर म्हणजे एका वेळी सोळा मोटरी! गावात जी ६३ केव्हीएची डीपी असते, ती अख्खी त्याला लागली असती. म्हणजे नवीन डीपी, नवीन लाइन आणि त्याचा खर्च. गाड्या येवोत न येवोत, मंजूर भाराचा स्थिर आकार दर महिन्याला बिलात येत राहणार. हे ऐकल्यावर बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग कोषाध्यक्ष वहिनींनी रंगीत कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

एवढं कळल्यावर आम्ही शहाणे झालो असं तुम्हाला वाटेल. नाही झालो. मोठं नको तर छोटं करू, म्हणून आम्ही घाईने दुसरी चूक केली.

सरपंच म्हणाले, ग्रामपंचायतीच्या भिंतीला पॉइंट लावा, जागा फुकट. मध्यावरची जागा, उजेड आहे, शिपाई आहे. आम्हाला पटलं. पॉइंट लावला, नारळ फोडला, फोटो काढला. महिनाभर त्या पॉइंटवर एकही गाडी लागली नाही. शेजारची पोरं मोबाइल चार्ज करायची तेवढंच. कारण ग्रामपंचायतीत बाई येते दाखला घ्यायला, पंधरा-वीस मिनिटांसाठी. तेवढ्यात काय भरणार, पाव युनिट. आणि जिचं घर गावात आहे ती घरीच लावणार ना? जागा मध्यावर होती, सोयीची दिसत होती, पण गाडी तिथे उभी राहत नव्हती. काकूंचा प्रश्न आम्ही त्या साहेबाला लावला आणि स्वतःला लावायचा विसरलो.

मग मात्र वही काढली.

रस्त्याचं नियोजन करणारे लोक एक पाहणी करतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या मोजल्या, तर किती गेल्या ते कळतं. कोण कुठून निघालं आणि कुठे पोचलं हे कळत नाही. म्हणून ते माणसांना थांबवून विचारतात: कुठून निघालात, कुठे चाललात, कशासाठी, किती वाजता परत येणार? आम्ही तेच गटांच्या साप्ताहिक बैठकीत केलं. बैठक आठवड्याला होतेच, बायका जमतातच, त्यामुळे वेगळा खर्च काही नाही.

तुम्ही म्हणाल, सरकारकडे ही माहिती नसेल का? काही आहे. २०११ च्या जनगणनेत हा प्रश्न विचारला गेला, की कामाची जागा घरापासून किती लांब आहे आणि तिथे कशाने जाता. पायी, सायकल, मोटारसायकल, बस, रेल्वे असे पर्याय होते. पण तो प्रश्न ज्यांची नोंद 'इतर कामगार' अशी झाली त्यांनाच होता. शेती करणाऱ्या, शेतमजुरीला जाणाऱ्या आणि घरगुती उद्योग करणाऱ्या माणसांना तो नव्हता. म्हणजे आपल्यातल्या किती जणी त्यातून गळल्या बघा. शिवाय त्यात विचारलं फक्त एका बाजूचं अंतर, घर ते कामाची जागा. पुरुषाची वाट बऱ्याचदा तशी असते, सरळ. बाईची वाट सरळ नसते. ती निघताना पोराला बालवाडीत सोडते, डेअरीत दुधाची किटली देते, मग कामावर जाते. येताना सासऱ्यांच्या गोळ्या, भाजी, दळण. चार ठिकाणी थांबते. यातल्या तीन ठिकाणी पाच-दहा मिनिटं आणि एकाच ठिकाणी तासन्‌तास. ते एक ठिकाण कुठलं, हे शोधायचं होतं.

आमच्या वहीत सहा प्रश्न होते. घरून किती वाजता निघता? गाडी घेऊन कुठपर्यंत जाता? तिथे गाडी किती तास उभी असते? गाडीजवळ कोण असतं? परत किती वाजता येता? घरी गाडी लावायला प्लग आहे का, आणि तो लावू देतात का?

शेवटचा प्रश्न आम्ही जरा बिचकतच घातला होता. पण सगळ्यात जास्त बोलणं त्यावरच झालं. घरात प्लग असतो, पण मीटर सासऱ्यांच्या नावावर. बिल वाढलं की पहिलं बोट सुनेच्या गाडीकडे. एकीच्या घरी तिची गाडी चार्जिंगला लावली की दिराने येऊन प्लग काढायचा. खरं तर बिल वाढलं होतं नवीन फ्रिजमुळे. आम्ही तिला एवढंच सांगितलं, की महिनाभर रोजचे किलोमीटर लिही, तीसने भाग, आणि तेवढ्या युनिटचे पैसे दर महिन्याला सासूबाईंच्या हातात दे. रोजचे २० किलोमीटर म्हणजे महिन्याला २० युनिट पण होत नाहीत, सुट्ट्या धरून. तेव्हापासून प्लग कोणी काढला नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची अडचण याहून मोठी. घरमालक म्हणतो गाडी लावायची नाही. गाडी खाली आणि खोली माडीवर असेल तर वायर खिडकीतून सोडतात. पावसात ते किती धोक्याचं आहे हे वेगळं सांगायला नको. ज्यांना घरी चार्जिंग करता येत नाही, त्यांच्यासाठी बाहेरची जागा खरी. ज्यांना येतं त्या बाहेर पैसे मोजायला येणार नाहीत, हे धंदा करणाऱ्याने लिहूनच ठेवावं.

वहीतून जे कळलं ते आमच्या कल्पनेत नव्हतं. आम्हाला वाटत होतं बायका स्कूटरवरून थेट कोल्हापूरला जातात. काही जातात. पण बऱ्याच जणी गावातून फाट्यापर्यंत स्कूटर आणतात, ती कुणाच्या तरी दुकानाशेजारी लावतात आणि तिथून एसटीने जातात. कारण काय? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. महामार्गावर मोठ्या ट्रकमधून स्कूटर घालायची भीतीही वाटते. त्यात सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी रस्ता वळवलेला, धूळ, खड्डे. अर्ध्या तिकिटात बसून जाता येत असेल तर कोण जीव धोक्यात घालेल? म्हणजे स्कूटर धावते गाव ते फाटा, सहा-सात किलोमीटर. आणि उभी राहते फाट्यावर, सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत. दहा तास! काकूंच्या टपरीमागे.

काकूंना हे अर्थातच आधीपासून माहीत होतं. "मला कुणी इचारलंच न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या.

आता फाट्यावर काय हवं ते आपोआप ठरलं. फास्ट चार्जरची गरज नाही. एक पत्र्याची शेड, पाच पंधराचे पॉइंट, प्रत्येकावर झाकण आणि कुलूप, एक वेगळा मीटर आणि लक्ष ठेवायला माणूस. पाच गाड्या एका वेळी लावल्या तरी भार एका मोटरीचा. शिवाय दहा तास हाताशी असल्यावर पाच पॉइंटवर दहा गाड्या होतात. सकाळी पाच, दुपारनंतर पाच. गाडीची चावी लागत नाही, नुसती पिन बदलायची. काही गाड्यांची चार्जिंगची जागा डिकीच्या आत असते, त्यांची मात्र अडचण होते. त्या बायका चावी काकूंकडे ठेवतात. सगळ्यांना ते पटेलच असं नाही.

दिवसा चार्ज करण्याचा दुसरा फायदा विजेच्या बाजूने आहे. संध्याकाळी सहा ते दहा घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर, गिझर सगळं चालू असतं. त्याच वेळी कामावरून आलेल्या सगळ्यांनी गाड्या लावल्या तर डीपीवर भार येतो आणि गावाचा दाब पडतो. दिवसा मात्र सूर्यावरची वीज भरपूर असते. म्हणून ज्यांना घरीच लावायची आहे त्यांनी रात्री जेवणं आटोपून दहानंतर लावावी. सकाळपर्यंत भरपूर वेळ असतो.

परवानगीविषयी बायका फार विचारतात, म्हणून तेही सांगतो. चार्जिंगचा पॉइंट चालवायला वीज विकण्याचा परवाना लागत नाही. ही वीजविक्री नाही, सेवा आहे, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. बचत गटही चालवू शकतो. महावितरणकडे चार्जिंग केंद्रासाठी वेगळ्या वर्गवारीत जोडणी मिळते, तिचा दर वेगळा असतो. घरच्या किंवा शेतीच्या मीटरवरून दुसऱ्यांच्या गाड्या चार्ज करून पैसे घेऊ नका, दंड होतो. हलक्या गाड्यांसाठीचा स्वस्त चार्जिंग पॉइंट ३,५०० रुपयांपर्यंत मिळावा असं लक्ष्य केंद्र सरकारने २०२१ मध्ये ठेवलं होतं. मोबाइलवरून पैसे घेणारे असे ३ किलोवॉटचे पॉइंट आता बाजारात आहेत. किंमत तीन ठिकाणी विचारून घ्या. आणि अर्थिंगवर एक रुपयाही वाचवू नका. आपल्याकडे पाऊस कसा पडतो ते माहीत आहे. शॉक लागताच वीज तोडणारा ब्रेकर हवाच, पॉइंट जमिनीपासून वर हवा, एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको.

जागेचं प्रकरण सोपं नव्हतं. रस्त्याकडेची जमीन आपली वाटते पण ती आपली नसते. टपरीची जागा आज आहे, रस्ता रुंद झाला की उद्या नाही. म्हणून शेड टपरीच्या मागे, गिरणीवाल्या मामांच्या खासगी जागेत घेतली. कागदावर भाडेकरार केला, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घेतला. खर्च गटांच्या बचतीतून निघाला, बँकेत जावं लागलं नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा पॉइंट काढून तोच इथे लावला, तेवढी एक बचत. लक्ष ठेवायचं काम काकूंकडे आहे. युनिटमागे त्यांचा ठरलेला वाटा त्यांना मिळतो. यातून गट श्रीमंत होणार नाही. एका गाडीला दिवसाला अर्धं-पाऊण युनिट, त्यात मिळून मिळून किती मिळणार? पण बिल सुटतं, भाडं सुटतं. शिवाय गाडी उन्हापावसात न राहता शेडखाली राहते म्हणून बायका गाडी उभी करण्याचे वेगळे दोन पैसे आनंदाने देतात. खरं सांगायचं तर विजेपेक्षा सावलीचेच पैसे जास्त येतात!

सगळ्यांचं गणित असंच असेल असं समजू नका. रिक्षा चालवणारीचं वेगळं आहे. पिंक ई-रिक्षा योजनेत १० टक्के स्वतःचे, २० टक्के शासनाचे आणि ७० टक्के बँकेचं कर्ज, अशी मांडणी आहे. म्हणजे रिक्षा उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही. ती बाई दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर फिरते. रात्री पूर्ण भरून निघाली तरी दुपारी तिला तासाभरात थोडी वीज भरून मिळायला हवी, आणि ती जागा रिक्षा थांब्याजवळ हवी. चार्जिंगला म्हणून तीन किलोमीटर रिकामी रिक्षा न्यायची आणि तीन आणायची, यात तिचं एक भाडं बुडतं. तिच्यासाठी जरा जास्त ताकदीचा पॉइंट खर्चूनही परवडतो. मोटारीने रोज कोल्हापूरला जाणाऱ्या शिक्षक जोडप्याचं पुन्हा वेगळं. त्यांची बॅटरी मोठी, पण रोजचं अंतर ४० किलोमीटर, म्हणजे सहाएक युनिट. ते रात्रीतून घरच्या पंधराच्या पॉइंटवर आरामात होतं. त्यांच्यासाठीही फाट्यावर महागडं मशीन मांडून उपयोग नाही.

ज्यांचं गणित आमच्याकडून अजून सुटलेलं नाही, त्या म्हणजे एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या मुली. दुसरी पाळी रात्री सुटते. तेव्हा अर्ध्या तिकिटाची एसटी नसते, म्हणून त्या स्कूटर थेट कारखान्याच्या गेटपर्यंत नेतात. गाडी आठ तास आवारात उभी, म्हणजे चार्जिंगला याहून चांगली जागा नाही. पण आवारात पॉइंट द्यायला कारखाना तयार नाही. भार वाढेल, म्हणतात. बॅटरीत दहाच टक्के उरलेत आणि रात्री अकराला महामार्गाच्या कडेने, दिवा मंद करून, घर गाठायचं, असं एका मुलीवर आलं आहे. त्या रात्री तिच्या मागून तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला. भाऊ रोज रिकामा नसतो.

त्या कारखान्याला आम्ही पत्र दिलं आहे. पत्रात विनंतीबरोबर हिशेब घातला आहे. दहा स्कूटरचा भार म्हणजे साडेसात किलोवॉट, शेतातल्या दोन मोटरींएवढा. वीज फुकट नको, वेगळा मीटर बसवा, गट दर महिन्याला बिल भरेल. मुली कुठल्या पाळीला किती, कुठल्या गावच्या, रोज किती किलोमीटर, तेही सोबत जोडलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. दुसरं पत्र देताना आमच्याकडे आणखी गावांची नावं असली तर बरं. म्हणून कागल आणि करवीरच्या ज्या गावांतून मुली दुसऱ्या पाळीला जातात, तिथल्या गटांनी पुढच्या बैठकीत हे लिहून ठेवा: मुलीचं गाव, गेटपर्यंतचं अंतर, पाळीची वेळ, आणि घरी गाडी लावायला प्लग आहे की नाही. नाव लिहू नका, नावाची गरज नाही, आणि कामावर तिला त्रास व्हायला नको. कागद ग्रामसंघाच्या सचिवांकडे द्या, आम्ही तिथून घेऊन जाऊ.